मॅडम सुट्टीवर आहेत

आमच्या विभागात चौदा खुर्च्या होत्या आणि त्यांतल्या एकीवरही मॅडम बसलेल्या मी सहा महिन्यांत पाहिल्या नाहीत. त्यांच्या नावाची पाटी लावलेली खोली होती, खोलीत टेबल होतं, पण टेबलामागची खुर्ची त्यांनी कधीचीच कुणा पेशंटला घरी नेऊ दिलेली. कागद लिहायच्या ते खिडकीच्या कट्ट्यावर, उभ्याने. डबा खायच्या तोही हातात धरून, येरझाऱ्या घालत. घास तोंडात असताना मध्येच थांबायच्या आणि आमच्यावर खेकसायच्या, "माझ्याकडे काय बघून राहिल्या? त्या बाईकडे बघा. चमचा कुठून धरून राहिली ते बघा." आम्ही दोघी इंटर्न होतो, मी आणि सागर शहरातून आलेली एक मुलगी. दिवसभर त्यांच्या चपलांचा फटफट आवाज डोक्यात घेऊन आम्ही घरी जायचो. एका जागी न बसण्याची खोड मलाही लहानपणापासून आहे, शाळेत त्यासाठी पुष्कळ मार खाल्ला आहे, पण त्यांच्याशेजारी उभी राहिले की मी अगदी शांत स्वभावाची मुलगी वाटायचे.

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय, हे मला अजून नातेवाइकांना धड सांगता येत नाही. जबलपुरात आमच्या वस्तीत मला सगळे "मालिशवाली डॉक्टर" म्हणतात आणि बाबांनीही आता चूक दुरुस्त करणं सोडून दिलं आहे. लकव्यानंतर, अपघातानंतर माणसाला आपल्या हाताने जेवता यावं, कपडे घालता यावेत, आपल्या कामाला परत लागता यावं, म्हणून त्याच्याबरोबर खपायचं, एवढंच ते काम आहे. कॉलेज मी नागपूरला केलं. शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष कामाचे असतात. ते जबलपूरच्याच एका धर्मादाय इस्पितळात घेतले, कारण घरचं जेवण, ओळखीचे रस्ते, मजेत वेळ जाईल असं वाटलं होतं.

पहिल्याच दिवशी मॅडमनी माझा उजवा हात माझ्याच ओढणीने पोटाशी आवळून बांधला.

"आलं आण, कोथिंबीर आण, टपरीवर पोहा-जलेबी खा आणि ऑटोने परत ये."

"मॅडम, लोक काय म्हणतील?"

"तेच तर ऐकून यायचं आहे. चलो."

भाजीवाला म्हणाला, "अरे बिटिया, ये क्या हो गया?" आणि माझी पर्स स्वतःच उघडून त्यातून नोट काढून घेतली. पोहेवाल्याने बाकावर जागा करून दिली, जलेबीचे तुकडे करून दिले आणि मला काय झालं असावं यावर बाकीच्या गिऱ्हाइकांशी चर्चा केली. ऑटोतल्या एका आजींनी कोथिंबिरीची पिशवी माझ्या गळ्यात अडकवली, वर गालावरून हात फिरवला. मला काय हवं आहे, हे कुणीच विचारलं नाही. मी दात-ओठ खात परत आले.

"कसं वाटलं?" मॅडमनी चालता चालता विचारलं.

"लोक फार चांगले आहेत."

"ते नाही विचारलं मी."

"राग आला."

"कुणाचा?"

"मदत करणाऱ्यांचा."

"अच्छा. लिहून ठेव." आणि त्या पुढच्या पेशंटकडे निघून गेल्या. मी वहीत लिहून ठेवलं आणि नेहमीप्रमाणे विसरून गेले.

मॅडम दीक्षितपुऱ्यातल्या, जुन्या जबलपुरातल्या. घराणं मराठ्यांच्या चाकरीत इकडे आलेलं, मग इथलंच झालेलं. मराठी बोलायच्या ती आमच्यासारखीच, निम्म्या वाक्यात हिंदीत शिरणारी. वय साठीच्या आसपास, अंगाने काटकुळ्या, सुती साडी पायघोळ नेसली तर चालता येत नाही म्हणून घोट्याच्या वर. पर्समध्ये शिंप्याची टेप. दीक्षितपुऱ्याच्या गल्लीतून त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे शिक्षाच होती. दर चार घरांमागे थांबायच्या आणि कुणाच्याही ओट्याची उंची मोजायच्या. "आठ इंच. हिच्या सासूचा गुडघा गेलेला आहे अन् पायरी आठ इंच! दीदी, ओ दीदी, ज़रा बाहर आना!" दीदी बाहेर यायच्या, हात जोडायच्या, आत निघून जायच्या. ओटा आठ इंचच राहायचा.

इस्पितळातल्या एका नर्सच्या लग्नात तर त्या जेवणाच्या आधीच गायब झाल्या. शोधलं तेव्हा कार्यालयाच्या संडासात सापडल्या, टेप उलगडून, दार सताड उघडं टाकून. बाहेर नवऱ्या मुलाचे आजोबा काठी टेकत रांगेत उभे. "कडी वर लावली आहे, धरायला दांडा नाही, खाली पाणी. आत पडलात तर तुम्हाला कोण उचलेल?" त्यांनी आजोबांनाच विचारलं. आजोबा म्हणाले, "बेटी, पहले जाने तो दो." सागरची मुलगी हसून हसून खाली बसली. मी मात्र लाजेने मेले होते, कारण नवरीकडच्या बायका मला त्यांची मुलगी समजत होत्या.

चौथ्या महिन्यात त्यांनी नवंच सुरू केलं. सकाळी येऊन आम्हाला सांगितलं, "आजपासून मी सुट्टीवर आहे," आणि मग दिवसभर विभागातच फिरत राहिल्या. पेशंटच्या घरचं कुणी आलं की हात वर करायच्या, "मॅडम छुट्टी पर हैं, इन लोगों से पूछिए." समोर उभी असलेली बाई स्वतःच सुट्टीवर असल्याचं सांगते आहे, हे लोकांना पटायला दोन दिवस लागले. मग तेही सरावले. एकदा मनगटाला आधार देणारी पट्टी गरम पाण्यात मऊ करून पेशंटच्या हातावर बसवताना सागरच्या मुलीने ती नको तशी चिकटवली. पट्टी भराभर कडक होत चालली. ती ओरडली, "मॅडम!" मॅडम दहा पावलांवर होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, खिडकीकडे तोंड केलं आणि बाहेर बघत उभ्या राहिल्या. तिने रडत रडत पट्टी पुन्हा गरम पाण्यात बुडवली, सोडवली, नव्याने बसवली. पेशंटला काही झालं नाही. तिला मात्र रात्री ताप आला.

"कॉलेजातून निघाल्यावर मी कुठे येऊ तुमच्यामागे?" त्या म्हणायच्या. "तुम्हाला बरगी धरणाकडच्या एखाद्या गावात एकटं टाकलं तर कुणाला हाक माराल?"

आमच्या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे काही न करता बसणं. समोरचा माणूस एका बटणाशी दहा मिनिटं झगडतो आहे, आपल्याला ते दोन सेकंदांत लावता येतं, आणि आपण लावायचं नाही. माझ्यासारखीला हे कसं जमणार? घरी कुणी शेंगा सोलत असलं तरी मला बघवत नाही, मी ताट ओढून घेते. मॅडमचं औषध एकच होतं. "साठ मोज. मग विचार कर. मग परत साठ मोज." आणि पेशंटला शाब्बास म्हणायचं नाही, हा दुसरा नियम. मी एकदा एका हवालदाराला मोजा चढवल्याबद्दल टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्या केवढ्या संतापल्या! "तू कोण त्यांना शाब्बासकी देणारी? पंचवीस वर्षं नोकरी केलेला माणूस आहे तो. मोजा त्याला येत होता तुझ्या जन्माआधी."

आणि शुक्रवार. शुक्रवारी त्या आमचे हात पाठीमागे क्रेप बँडेजने बांधायच्या. हात बांधलेल्या इंटर्नने तासभर फक्त तोंडाने पेशंटकडून काम करून घ्यायचं. फिजिओथेरपीवाली मुलं दारात येऊन मजा बघायची. मी दर शुक्रवारी काहीतरी निमित्त काढायचे. कधी फाइली आणायला जायचे, कधी एक्स-रेच्या रांगेत पेशंटबरोबर उभी राहायचे. पुष्कळ शुक्रवार मी असे चुकवले आणि मॅडमनी एकदाही हटकलं नाही. त्यांच्या लक्षात आलं नसेल, असं मला तेव्हा खरंच वाटत होतं.

हल्केप्रसाद माझे पेशंट होते. जबलपूरजवळच्या भेडाघाटचे, संगमरवराच्या लहान मूर्ती कोरणारे, त्यातही नंदी. बावन्न वर्षांचे. लकव्यात उजवी बाजू गेली. पाय बराचसा परत आला, हात मागे राहिला. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला बिटिया. आठवड्यातून तीनदा त्यांची बायको त्यांना बसने घेऊन यायची. बोलणं कमी, पण बोलायचे ते लक्षात राहण्यासारखं. त्यांचा हात तोंडापर्यंत पोचावा म्हणून मी जीव तोडून मेहनत घेतली. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्यांची जागा मांडून ठेवायचे. आणि एके दिवशी पाण्याने अर्धा भरलेला ग्लास त्यांच्या ओठांना लागला. मी फाइलमध्ये लिहिलं, "ग्लास स्वतः तोंडाला लावतात. मदत नाही." पुढच्या वेळी पुन्हा तेच लिहिलं. घरी जाऊन बाबांना सांगितलं, आईला सांगितलं, शेजारच्या काकूंनाही सांगितलं. हा माझा पहिला माणूस होता.

त्याच सुमारास नागपूरच्या एका केंद्राकडून नोकरीचं पत्र आलं. एक तारखेला हजर व्हायचं, सोबत इंटर्नशिप पूर्ण झाल्याचा कागद, मॅडमच्या सहीचा. बाबांनी तिकीट काढून टाकलं. त्यांची उभी नोकरी फॅक्टरीत गेली, घरात पांढरा कोट घालून कामाला जाणारी मी पहिलीच. ते पत्र त्यांनी चार वेळा वाचलं असेल.

शेवटच्या महिन्यातल्या एका शुक्रवारी मॅडमनी मला कोपऱ्यात गाठलं आणि माझे हात मागे बांधले. मला काहीच भीती नव्हती. समोर हल्केकाका होते आणि ग्लास तर त्यांना येतच होता.

"काका, पानी पीजिए," मी म्हटलं.

त्यांनी ग्लास धरला. हात उचलला. छातीपर्यंत आला आणि थांबला. त्यांनी ग्लासकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"उठाइए काका."

"उठा तो रहा हूँ बिटिया."

हात थरथरायला लागला. ग्लास कलला आणि पाणी त्यांच्या शर्टावर सांडलं, मग मांडीवर. ते तरीही माझ्याकडेच बघत होते, काहीतरी यायचं राहिलं आहे अशा नजरेने. मी बँडेज तोडायला निघाले होते. खांद्यात कळ आली आणि त्याच क्षणी मला कळलं. मी नेहमी त्यांच्या उजव्या बाजूला बसायचे. ग्लास वर निघाला की माझी दोन बोटं त्यांच्या कोपराखाली जायची. दर वेळी. मी ती मदत धरली नव्हती, कारण ती बोटं कधी जातात हे मला ठाऊकच नव्हतं.

मॅडम दूर भिंतीशी फेऱ्या मारत होत्या. त्या आल्या, माझे हात सोडले, फाइल घेऊन खिडकीशी गेल्या. जिथे जिथे मी "मदत नाही" लिहिलं होतं, तिथे तिथे त्यांनी ते खोडून लाल शाईने "दोन बोटं" असं लिहिलं. प्रत्येक पानावर, एक न चुकवता.

"मॅडम, मला एक तारखेला हजर व्हायचं आहे."

"हो ना. मग तुझी दोन बोटं काकांकडे ठेवून जा."

"सही?"

"सही कशावर करू? त्यांच्या घरी जा रोज. तुझ्याशिवाय हात चालला पाहिजे त्यांचा. तीस तारखेला येते मी बघायला."

नऊ दिवस उरले होते. बाबा घरी तणतणले, "सही काहून नाही करून राहिली ती बाई? मी येऊ काय बोलाले?" मी नको म्हटलं. चूक माझी होती हे मला दिसत होतं आणि दिसत होतं म्हणूनच राग जास्त येत होता. मी त्या रात्री जेवले नाही, भांड्यांचा आवाज मात्र भरपूर केला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळची बस धरून मी भेडाघाटला जायला लागले. धबधब्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत मूर्तीवाल्यांची दुकानं आहेत, त्यांच्या मागे हल्केकाकांची एक खोली आणि पुढे ओसरी. ओसरीत पांढरी भुकटी, कोपऱ्यात अर्धवट नंदी, मान आणि पाठ घडलेली, पाय दगडातच. मी त्यांच्यासमोर बसायचे, स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून. साठ मोजायचे, पुन्हा साठ मोजायचे. त्यांचा हात छातीपर्यंत यायचा आणि थांबायचा. शर्ट भिजायचा. त्यांची बायको दुसरा शर्ट आणून द्यायची. पहिले दोन दिवस मी समजुतीने घेतलं, तिसऱ्या दिवशी ओरडले, चौथ्या दिवशी बसमध्ये रडले. पाचव्या दिवशी मात्र तिथून थेट इस्पितळ गाठलं आणि मॅडमना दारातच अडवलं.

"तुम्ही तरी कधी पेशंटसमोर बसलात?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, सगळे बघत होते. "लांबून फेऱ्या मारायच्या आणि आमच्या चुका काढायच्या. स्वतः बसून दाखवा ना!"

त्या थांबल्या. त्यांना एका जागी उभं असलेलं पाहून मलाच कसंतरी झालं.

"बसले की हात जातो माझा," त्या म्हणाल्या. "तुझी दोन बोटं जातात, माझा पूर्ण हात जातो. म्हणून फिरते."

त्यांना वाटलं असावं, मला पटलं नाही. खिडकीकडे जात त्या बोलत राहिल्या.

"आई चार वर्षं लकव्यात होती. मी तेव्हाही हेच काम करत होते, बरं का. लोकांना शिकवत होते. अन् घरी जाऊन आईला घास भरवत होते. सगळा दीक्षितपुरा म्हणायचा, मुलगी असावी तर अशी. एक दिवस लवकर घरी गेले, तर आई डब्यातून शेव काढून खाऊन राहिली होती. एकटी. आरामात, एक-एक उचलून. मला बघितलं अन् डबा झाकला, हात मांडीवर टाकून दिला. तोंड उघडून बसली माझ्यासाठी." त्यांनी पदराने नाक पुसलं. "तिला येत होतं ग. माझ्यासमोर येत नव्हतं."

"मग?"

"मग काय मग? मी भरवलं. जाईपर्यंत भरवलं. जा आता, तुझी घरची बस जाईल."

त्यांच्यावरचा माझा राग त्या दिवशी संपला असं म्हणायला बरं वाटलं असतं. तो संपला नाही. पण बसमध्ये मी पहिल्यांदा माझ्याबद्दल विचार न करता हल्केकाकांबद्दल विचार केला.

दुसऱ्या दिवशी मी ओसरीत बसलेच नाही. ग्लास त्यांच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "काका, सच बताइए, मैं नहीं रहती तब क्या होता है?"

ते संकोचून म्हणाले, "बुरा मत मानना बिटिया. आप सामने बैठती हो तो ये हाथ आपकी राह देखता है."

मी उठले आणि अंगणातल्या हातपंपाशी जाऊन पाठ करून उभी राहिले. आत काय चाललं आहे ते दिसत नव्हतं. मला उभं राहवेना. मी पंप हलवला, चप्पल धुतली, दुसरी धुतली. अर्ध्या तासाने त्यांची बायको आली आणि रिकामा ग्लास माझ्यापुढे धरला. "आधा गिरा," ती म्हणाली, "आधा पिया." पुढच्या दोन दिवसांत सांडणं कमी होत गेलं. मी रोज बसने तीन तास जाण्या-येण्यात घालवून भेडाघाटला जायचे आणि पाठ करून उभी राहायचे. यासाठी साडेचार वर्षं शिकले का, असं वाटून वेड लागायची पाळी आली होती.

तीस तारखेला मॅडम स्कूटीवर आल्या. मी मागे, मांडीवर माझी वही आणि इंटर्नशिपचा बिनसहीचा कागद. संध्याकाळची गाडी होती, बॅग घरी बांधून तयार. मॅडम ओसरीच्या कडेला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भैया, हम बाहर हैं. आपको जो करना है, करो."

"पानी पीकर दिखाऊँ, दीदी?"

"दिखाना नहीं है. आपको क्या करना है?"

हल्केकाकांनी कोपऱ्यातल्या नंदीकडे पाहिलं. "पानी तो कोई भी पिला देगा," ते म्हणाले.

बायकोने नंदी त्यांच्यापुढे सरकवला, शेजारी दगड घासायची कानस ठेवली आणि तीही आमच्याबरोबर बाहेर आली. आम्ही तिघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. जेवणाची वेळ होती, आसपासच्या दुकानांची दगड कापायची यंत्रं बंद होती. ग्लासचं मला ठाऊक होतं, पण कानस? सहा महिन्यांत मी ती त्यांच्या हातात कधी दिली नव्हती. ती जड असते, धरून ढकलावी लागते, त्याला खांदा लागतो. हे मी मॅडमना सांगायला लागले. त्यांनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

आत काही आवाज नाही. मग कानस दगडावर पडल्याचा ठणका. माझं पाऊल पुढे गेलं. मॅडमनी माझं मनगट पकडलं. त्यांचा तळवा घामाने ओला होता आणि त्या इतक्या जोरात धरून होत्या की मला कळेना, मला आवरताहेत की स्वतःला. पुन्हा शांतता. पुन्हा ठणका. बायकोने पदर तोंडात धरला होता. तिनेही आत पाहिलं नाही.

आणि मग खर्र असा आवाज आला. थांबला. पुन्हा खर्र. मध्ये एवढा वेळ जायचा की पुढचा येणारच नाही असं वाटायचं, आणि तो यायचा. वाकडातिकडा, जड, पण दगडावर कानस चालल्याचा.

"मॅडम," मी हळूच म्हटलं, "उजव्या हाताने करताहेत की डाव्या?"

"मला काय माहीत? मी पण इथेच आहे."

"एकदा बघून येते. दारातून. त्यांना कळणारही नाही."

"जा ना. कोण अडवून राहिलं?" त्यांनी माझं मनगट सोडलं. "पण मग उद्याही यावं लागेल तुला. परवाही."

मी उभी राहिले. दार बारा-पंधरा पावलांवर होतं आणि उघडं होतं. आतून पुन्हा तो आवाज आला. तीस सेकंदांचं काम होतं ते, आत डोकावायचं, एक हात बघायचा आणि परत यायचं. सहा महिन्यांची मेहनत फुकट गेली की नाही, हे कळलं असतं. मी गेले नाही. का गेले नाही हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, आजही नीट सांगता येत नाही.

मॅडमनी स्कूटीच्या सीटवर कागद ठेवला, सही केली आणि माझ्या हातात दिला. मी काकांच्या बायकोला नमस्कार केला. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "काम कर रहे हैं, अभी आवाज़ मत देना." म्हणून मी त्यांचा निरोपही घेतला नाही. आम्ही निघालो तेव्हा आत कानस चालूच होती.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. नागपुरात मी आता बरी स्थिरावले आहे, माझ्या हाताखालीही दोन मुली शिकतात. तो उजवा हात होता की डावा, ते मला आजपर्यंत माहीत नाही. काकांच्या बायकोचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. एक प्रश्न विचारायचा आहे, त्याला अर्धं मिनिटही लागणार नाही. किती वेळा तो नंबर काढला असेल याला गणतीच नाही. आज सकाळीही काढला होता, बराच वेळ बघितला, आणि फोन खिशात टाकून कामावर गेले.